‘तो गोळा शुद्ध हाय हे कोनं पाह्यलं?’

घाटंजीकडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयातल्या विज्ञानाच्या सरांचा प्रश्न आहे. अकरावीला एककांचा धडा शिकवताना त्यांनी किलोग्रॅमची नवी व्याख्या सांगितली, ओघात त्या कामी वापरलेल्या सिलिकॉनच्या एक किलोच्या चकचकीत गोळ्याचा उल्लेख केला आणि ‘जगातली सगळ्यात शुद्ध वस्तू’ असंही म्हणाले. त्यावर एक विद्यार्थिनी उठली : ‘सर, पण तो गोळा शुद्ध हाय हे कोनं पाह्यलं? अन् कायनं पाह्यलं?’ सरांनी प्रश्न जसाच्या तसा माझ्याकडे धाडला. पदार्थातली अतिसूक्ष्म अशुद्धी मोजण्यात माझी नोकरीची सगळी वर्षं गेली. आता आर्वीजवळ गावी राहते, वेळ आहे, म्हणून जरा सविस्तरच लिहिते.

सर, पोरीनं नेमक्या जागेवर बोट ठेवलं आहे. त्या गोळ्याचं सगळं महत्त्व ‘पाह्यलं कायनं’ यातच आहे. पण आधी एक दुरुस्ती. गोळा म्हणजे किलोग्रॅम नव्हे. १८८९ पासून किलोग्रॅम म्हणजे पॅरिसजवळ सेव्र इथं ठेवलेला प्लॅटिनम-इरिडियमचा एक दट्ट्या होता. शंभर वर्षांत तो आणि त्याच्या सख्ख्या प्रती यांच्या वजनांत पन्नासेक मायक्रोग्रॅमचा फरक पडला, आणि बदललं कोण हे सांगायची सोय नव्हती. नोव्हेंबर २०१८ मध्ये व्हर्सायला ठराव झाला, २० मे २०१९ पासून तो अमलात आला. आता किलोग्रॅम प्लँकच्या स्थिरांकावर, म्हणजे निसर्गातल्या एका न बदलणाऱ्या आकड्यावर उभा आहे. त्या स्थिरांकाचा आकडा पक्का करायला दोन वाटा होत्या : एक किबल तराजूची, म्हणजे वजन विजेच्या मापांशी तोलणाऱ्या यंत्राची, दुसरी सिलिकॉनच्या गोळ्यातले अणू मोजण्याची. दोन्हींची उत्तरं जुळली तेव्हाच जुन्या दट्ट्याला रजा मिळाली.

अणू मोजायचे म्हणजे एक-एक करून नव्हे. सिलिकॉनच्या स्फटिकात एकसारख्या घनाकृती खोल्या असतात, प्रत्येक खोलीची बाजू ०.५४३ नॅनोमीटर, प्रत्येक खोलीत आठ अणू. गोळ्याचा व्यास साधारण ९४ मिलिमीटर. गोळ्याचं आकारमान भागिले खोलीचं आकारमान गुणिले आठ, झाली मोजणी. व्यास प्रकाशाच्या व्यतिकरणानं (लाटा एकमेकींवर पडून उमटणाऱ्या पट्ट्यांवरून) मोजतात, खोलीची बाजू क्ष-किरणांच्या व्यतिकरणानं, आणि हे शेवटचं काम इटलीत तोरिनोच्या मापनसंस्थेनं केलं. फळ्यावर मांडता येईल असा हिशोब आहे, पण त्यात एक गृहीत दडलं आहे : प्रत्येक जागी सिलिकॉनचाच अणू बसलेला आहे. पोरगी विचारते आहे ते हेच.

प्रत्येक जागी तो बसलेला नसतोच, हे आधी मान्य करायचं. म्हणून ‘सगळ्यात शुद्ध’ हे शब्द मी वापरत नाही. गोळ्यात काय, किती आणि कुठे आहे याचा हिशोब लागला की काम भागतं. कार्बनचं उदाहरण घ्या. पाच कोटी सिलिकॉन अणूंमागे एक कार्बन अणू असेल, तर तो सिलिकॉनची जागा पटकावून बसतो. त्या जागी २८ ऐवजी १२ वजनाचा अणू आला. एका किलोच्या गोळ्यात त्यामुळे सुमारे ११ मायक्रोग्रॅम वजन कमी भरेल. या प्रकल्पाला जी अचूकता गाठायची होती ती किलोमागे २० मायक्रोग्रॅमची. म्हणजे एकट्या कार्बनकडे दुर्लक्ष केलं तरी निम्मी अचूकता गेली. पण कार्बन किती आहे हे दहा टक्क्यांपर्यंत जरी कळलं, तरी ११ मायक्रोग्रॅमची दुरुस्ती करून टाकता येते आणि शंका उरते ती एका मायक्रोग्रॅमची. ऑक्सिजनची तऱ्हा वेगळी. तो सिलिकॉनची जागा घेत नाही, दोन अणूंच्या मधल्या फटीत शिरतो, म्हणून वजन वाढवतो. शिवाय कार्बननं खोली किंचित आकसते, ऑक्सिजननं किंचित फुगते. त्याचीही दुरुस्ती वेगळी धरावी लागते.

आता बाजारातल्या ‘नऊ नऊ’, ‘अकरा नऊ’ या शिक्क्यांबद्दल. ९९.९९९९९९९ टक्के शुद्ध, असं सिलिकॉनच्या पिशवीवर लिहिलेलं असतं. गावात सौरपंप बसले आहेत, त्यांच्या पाट्यांतलं सिलिकॉनही अशाच मापानं विकलं जातं. हे नऊचे आकडे मोजताना बहुतेक वेळा धातूच तेवढे धरतात. कार्बन, ऑक्सिजन, नायट्रोजन हिशोबाबाहेर. चिप बनवणाऱ्याला ते चालतं. किलोग्रॅमवाल्याला अजिबात चालत नाही, कारण झोन वितळणीतून काढलेल्या स्फटिकात सगळ्यात जास्त उरतात ते कार्बन आणि ऑक्सिजनच. या वितळणीत स्फटिकाच्या दांड्याचा एक पट्टा १४१४ अंशांवर वितळवून हळूहळू एका टोकाकडे सरकवतात. मळ वितळलेल्या भागात राहणं पसंत करतो आणि टोकाला ढकलला जातो. लोखंड तर इतकं सहज निघतं की घट्ट होणाऱ्या स्फटिकात त्याचा लाखात एखादाच भाग राहतो. पण बोरॉन दहातले आठ भाग जागेवरच थांबतो. बोरॉनला या पद्धतीनं हाकलता येत नाही, तो कच्च्या मालातच असू देता कामा नये.

मग पाह्यलं कायनं? एका यंत्रानं सगळं दिसत नाही. कार्बन, ऑक्सिजन आणि बोरॉन अवरक्त किरणांनी पाहतात. सिलिकॉन अवरक्त किरणांना बराच पारदर्शक असतो. कार्बन त्यातली ठरावीक कंपनं शोषतो, ऑक्सिजन दुसरी. अडचण अशी की सिलिकॉनच्या जाळीचं स्वतःचं शोषण कार्बनच्या रेषेच्या नेमकं खालीच येतं. म्हणून नमुना द्रव हेलियमच्या थंडीत नेऊन मोजतात आणि जवळजवळ कार्बनरहित अशा दुसऱ्या स्फटिकाचा आलेख त्यातून वजा करतात. तो दुसरा स्फटिक साध्या सिलिकॉनचा असून भागत नाही, कारण समस्थानिक, म्हणजे एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनांचे अणू, बदलले की जाळीचं शोषणही थोडं सरकतं. वजाबाकी स्वच्छ यायची तर दोन्ही एकाच जातीचे हवेत.

उरलेलं सगळं, म्हणजे सोडियमपासून सोन्या-युरेनियमपर्यंत डझनावारी मूलद्रव्यं, एकाच पद्धतीत बघायची तर माझ्या मते न्यूट्रॉन सक्रियण विश्लेषणाला तोड नाही. तोरिनोच्या गटानं याच गोळ्यांच्या स्फटिकाचे तुकडे ऑस्ट्रेलियात सिडनीजवळच्या ओपल अणुभट्टीत ठेवून हे काम केलं. तत्त्व साधं आहे. नमुना अणुभट्टीत ठेवला की न्यूट्रॉन गिळून काही अणू किरणोत्सारी होतात. बाहेर काढल्यावर ते ठरावीक ऊर्जेचे गॅमा किरण सोडतात. सोन्याची खूण ४११.८ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट, अर्धायुष्य, म्हणजे किरणोत्सारी अणू निम्मे व्हायला लागणारा वेळ, २.७ दिवस. सोडियमची १३६८.६, अर्धायुष्य १५ तास. आर्सेनिकची ५५९, अर्धायुष्य २६ तास. ऊर्जा आणि अर्धायुष्य, दोन्ही जुळले तर ओळख पक्की. द्रव नायट्रोजननं थंड ठेवलेल्या जर्मेनियमच्या शोधकापुढे, शिशाच्या जाड भिंतींच्या आत, नमुना तासन्‌तास, दिवसेंदिवस ठेवून ही मोजदाद चालते. भिंतीच्या विटांतलं पोटॅशियमसुद्धा १४६१ वर आपली रेष काढत असतं. तिला ओळखून बाजूला ठेवायचं.

सिलिकॉन या कामाला जणू घडवलेलंच आहे. सिलिकॉन-२८ न्यूट्रॉन गिळून सिलिकॉन-२९ होतं, ते स्थिर. २९ चं ३० होतं, तेही स्थिर. फक्त ३० चं ३१ होतं आणि ते किरणोत्सारी असतं, पण त्याचं अर्धायुष्य २.६ तास. दोन दिवस थांबलं की तीन लाखांतला एक भाग उरतो. या गोळ्यांसाठी तर रशियात सेंट्रिफ्यूज (गरगर फिरवून जड-हलके अणू वेगळे करणारी यंत्रं) वापरून सिलिकॉन-२८ चं प्रमाण ९९.९९५ टक्क्यांच्या आसपास नेलं होतं आणि ३० दहा लाखांत साधारण एकावर आलं होतं. म्हणजे मूळ पदार्थ गप्प बसतो आणि फक्त मळ बोलतो.

एक हिशोब वर्गात करून दाखवा. दहा ग्रॅम सिलिकॉन घ्या, त्यात लाख कोटींत एक भाग सोनं आहे असं धरा. म्हणजे दहा पिकोग्रॅम सोनं, सुमारे तीन हजार कोटी अणू. भट्टीत दर चौरस सेंटिमीटरला सेकंदाला दहा लाख कोटी, म्हणजे एकावर तेरा शून्यं, इतके न्यूट्रॉन, हा मध्यम भट्टीचा ओघ. सोन्याचा न्यूट्रॉन गिळण्याचा काटछेद, म्हणजे न्यूट्रॉनला अणूचं निशाण किती मोठं दिसतं याचं माप, ९८.७ बार्न. तीन दिवसांच्या आत ठेवलं तरी सेकंदाला पंधरा विघटनं मिळतात. आणखी एक अर्धायुष्य थांबून, शोधकाची पकड शंभरात तीन धरून, एका दिवसात सोळा हजारांवर नोंदी होतात. दहा टनांच्या दहा ट्रक गव्हात तुरीचा एक दाणा, हे झालं अब्जात एक. आपण इथं त्याच्याही हजार पट खाली आहोत आणि तरी आकडा खणखणीत आहे.

पण ‘एवढं सूक्ष्म दिसतं’ हे या पद्धतीचं खरं मोठेपण नाही. ते दुसरीकडे आहे.

आयसीपी-एमएस नावाचं, अणू वजनानुसार वेगळे करून मोजणारं यंत्रही फार सूक्ष्म पाहतं. त्यासाठी सिलिकॉन आम्लात विरघळवावं लागतं. आता आम्लात स्वतःचं थोडं लोखंड असतं, थोडं सोडियम असतं. भांड्यात असतं, हवेत असतं. माणसाच्या बोटाच्या ठशात एक मायक्रोग्रॅम मीठ सहज असू शकतं, आणि दहा ग्रॅमच्या तुकड्यावर एक मायक्रोग्रॅम म्हणजे अब्जात शंभर भाग. जे शोधतोय त्याच्या कितीतरी पट. म्हणून नमुना न घालता सगळी कृती जशीच्या तशी करतात आणि किती आलं ते मोजतात. त्याला आम्ही ब्लँक म्हणतो. नमुन्याच्या आकड्यातून ब्लँक वजा करायचा. ब्लँक शंभर आणि नमुना एकशे दोन असेल, तर त्या दोनावर मी सही करणार नाही. भर म्हणून आयसीपी-एमएसमध्ये सिलिकॉनचे दोन अणू चिकटून ५६ वजनाचा जोड तयार होऊ शकतो आणि लोखंडाचं वजनही ५६. यंत्र खोटं लोखंड दाखवतं.

न्यूट्रॉन सक्रियणात ही सगळी भीती भट्टीच्या दाराशी संपते. भट्टीतून काढल्यावर तुकडा नायट्रिक आणि हायड्रोफ्लोरिक आम्लात बुडवून वरचा थर खरवडून टाकायचा. हाताळताना, कापताना, कुपीत भरताना लागलेला मळ त्या थराबरोबर गेला. आणि आम्लातलं लोखंड-सोडियम आता लागलं तर लागू दे, ते किरणोत्सारी नाही, शोधकाला दिसतच नाही. जे दिसेल ते भट्टीत जाताना स्फटिकाच्या आत होतं, एवढं छातीठोक सांगता येतं. अतिशुद्ध पदार्थाच्या कामात नव्वद टक्के भांडण ब्लँकशी असतं. ब्लँकची कटकट मुळातूनच सोडवणारी ही एकच पद्धत मी वापरली, आणि म्हणून तिच्यावर माझा जीव आहे.

तिलाही तीन ठिकाणी नीट दिसत नाही, तेही पोरांना सांगा. लोखंडातला जो समस्थानिक खूण देतो त्याचं प्रमाण शंभरात पाव भागाहून थोडं जास्त, आणि तो न्यूट्रॉनही नाखुशीनं गिळतो. त्यामुळे सोन्याइतकं लोखंड पाहणं हजारो पट अवघड. दुसरं ॲल्युमिनियम. त्याची खूण म्हणजे ॲल्युमिनियम-२८, अर्धायुष्य सव्वादोन मिनिटं. पण वेगवान न्यूट्रॉन सिलिकॉन-२८ ला धडकला तर एक प्रोटॉन उडून तेच ॲल्युमिनियम-२८ तयार होतं. तुकड्यात ॲल्युमिनियमचा एक अणू नसला तरी रेष दिसणार. मंद न्यूट्रॉन जास्त असलेली जागा निवडली तर हे कमी होतं, पूर्ण जात नाही. फॉस्फरस तर गॅमा सोडतच नाही, आणि सिलिकॉन-३१ विघटन पावून फॉस्फरसच होतं, म्हणजे मोजता-मोजता भर पडते. त्याला दुसरी पद्धत लागते.

आता या सगळ्यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. अहवालात बहुतेक मूलद्रव्यांपुढे ‘सापडलं नाही’ असं येतं. त्याचा अर्थ ‘नाही’ असा घ्यायचा नसतो. ‘सापडलं नाही, आणि असलं तर अमुकपेक्षा जास्त नाही’, असं पूर्ण वाक्य लिहायचं असतं. ती वरची हद्द प्रत्येक मूलद्रव्याची वेगळी : सोन्याची अतिशय खाली, लोखंडाची बरीच वर. किलोग्रॅमच्या हिशोबात न सापडलेल्या प्रत्येक मूलद्रव्याची ही हद्द घेऊन, ते तेवढं असतं तर वजनात किती फरक पडला असता हे काढतात, आणि ते शंकेच्या खात्यात टाकतात. कुठल्या पद्धतीनं शोधलं आणि तिला कुठपर्यंत दिसत होतं हे लिहिलेलं नसेल, तर शुद्धतेचा दाखला हातात घेऊ नये. मग तो सिलिकॉनचा असो, बोअरच्या पाण्याच्या फ्लोराइडचा असो की कीटकनाशकाच्या अंशाचा. आपल्याकडे यवतमाळ-चंद्रपूरच्या कित्येक गावांत फ्लोराइडचा प्रश्न खरा आहे, आणि तिथंही अहवालावर नुसतं ‘आढळले नाही’ असेल तर पुढचा प्रश्न विचारायचा हक्क गावाला आहे.

समस्थानिकांचं थोडक्यात सांगते. २८, २९ आणि ३० चं प्रमाण चुकलं तर रासायनिक शुद्धता कितीही असली तरी सरासरी अणुभार चुकतो. साध्या सिलिकॉनवर काम चालू होतं तेव्हा उत्तर दहा लाखांत एकाहून जास्त चुकत होतं, त्याचं खापर शेवटी इथंच फुटलं. म्हणून तर २८ गाळून घेण्याचा खटाटोप केला. तरीही विरघळवायच्या द्रावणातलं, भांड्यातलं साधं सिलिकॉन मिसळलं की गाळून घेतलेलं प्रमाण बिघडतं. पुन्हा ब्लँकच.

पृष्ठभागाची कथा मात्र मुलांना जरूर सांगा. स्फटिक बर्लिनमध्ये वाढवला, गोळे सिडनीत घासून-पुसून गोल केले. इतके गोल की पृथ्वीएवढे मोठे केले तर डोंगर-दऱ्यांतला फरक काही मीटरच भरेल. आतून स्फटिक उत्तम होता. पण क्ष-किरणांनी पृष्ठभाग तपासला तेव्हा तिथं तांबं आणि निकेल सापडलं, घासण्याच्या कामात लागलेलं. २०११ च्या निकालात त्याची दुरुस्ती धरावी लागली आणि शंका अब्जात ३० राहिली. नंतर गोळ्यांचा वरचा थर आम्लानं काढला, जर्मनीत पुन्हा घासले, पुन्हा सगळं मोजलं. २०१५ मध्ये शंका अब्जात २० वर आली.

वर्गात करून पाहण्याजोगं काय, असं तुम्ही शेवटी विचारलं होतं. हायड्रोफ्लोरिक आम्लाचं नावही शाळेत काढू नका. त्याचा डाग त्वचेतून हाडापर्यंत जातो. ब्लँक मात्र सहज दाखवता येईल. गॅरेजमधून बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी आणा आणि काहीशे रुपयांचा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणारा) घ्या. एकसारखे पाच काचेचे ग्लास, प्रत्येकात पन्नास मिलिलिटर पाणी. पहिला ग्लास डिस्टिल्ड पाण्यानं तीनदा विसळलेला, दुसरा बोअरच्या पाण्यानं धुऊन न पुसलेला, तिसरा ओढणीनं पुसलेला, चौथा तीनदा विसळून रात्रभर उघड्यावर ठेवलेला. पाचव्यात मैदानावरून आलेल्या पोरानं पाचही बोटं बुडवून चोळायची. मीटरचं टोक दर वेळी आधी डिस्टिल्ड पाण्यात विसळा, नाहीतर मागच्या ग्लासाचं मीठ पुढच्यात जाईल. प्रत्येक ग्लास तीनदा करा, कारण एकदाच आलेल्या आकड्यावरून काही ठरत नाही. मग वर्गाला विचारा : या पाण्यात दोन पीपीएम, म्हणजे दहा लाखांत दोन भाग, मीठ शोधायचं असेल, तर यातल्या कुठल्या ग्लासात शोधता येईल? आकडे आले की मला पाठवा. ज्या पोरीनं प्रश्न विचारला तिलाच वही सांभाळायला द्या.